दिव्यांग कक्षाचे काम विद्यार्थ्यांना सोबत घेऊन कसे उभे करावे : नव्या समन्वयकांसाठी

जूनमध्ये महाविद्यालयांत समित्यांचे वाटप होते आणि नुकत्याच रुजू झालेल्या एखाद्या सहायक प्राध्यापकाच्या नावापुढे ‘समन्वयक, दिव्यांग व समान संधी कक्ष’ असे छापून येते. कार्यालयातून जी फाईल हाती पडते तिच्यात बहुधा ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमाची छायाचित्रे, नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी काढलेले रॅम्पचे फोटो आणि दिव्यांगत्वाच्या टक्केवारीसह विद्यार्थ्यांची एक यादी असते. त्या विद्यार्थ्यांनी स्वतः काय सांगितले, काय मागितले आणि त्यातले काय झाले, याचा कागद मात्र तिच्यात क्वचितच सापडतो. हा कागद पहिल्या वर्षात कसा तयार करावा आणि त्यातले निर्णय विद्यार्थ्यांच्या हाती कसे द्यावेत, हे सातारा जिल्ह्यातील महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून पुढे मांडले आहे.

आधी कायद्यातल्या चार गोष्टी

संपूर्ण कायदा पाठ करण्याची गरज नाही, पण बैठकीत कोणी ‘नियमात बसत नाही’ म्हटले तर उत्तर देता आले पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत आणि त्यांत दृष्टी, श्रवण व हालचालीशी संबंधित प्रकारांबरोबर स्वमग्नता, मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया यांसारख्या अडचणीही येतात. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवण्याची तरतूद आहे आणि तिच्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. वाजवी सोय करून देण्याचे कर्तव्य मात्र या ४० टक्क्यांशी बांधलेले नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे स्पष्ट केले. तेथे लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका परीक्षार्थ्याने लेखनिक, म्हणजे त्याने सांगितलेले उत्तर लिहून देणारा मदतनीस मागितला होता आणि त्याचे दिव्यांगत्व त्या मर्यादेपेक्षा कमी आहे, हे कारण न्यायालयाने मान्य केले नाही.

हा निकाल नव्या समन्वयकाला विशेष उपयोगी पडतो, कारण न्यूरोडायव्हर्जंट विद्यार्थ्यांपैकी, म्हणजे ज्यांच्या मेंदूची लक्ष देण्याची, वाचण्याची, आवाज-प्रकाश सहन करण्याची किंवा माणसांशी बोलण्याची घडण सर्वसाधारण अपेक्षेहून निराळी असते अशांपैकी, अनेकांकडे प्रमाणपत्र नसते. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यात आणि स्वस्थ बसण्यात येणारी अडचण, तर अनुसूचीत स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदलेलाच नाही. मेढा किंवा ढेबेवाडीकडून येणाऱ्या मुलाला आपण दहावीपर्यंत ‘हुशार पण धांदरट’ का ठरलो, याचे कारण कोणी सांगितलेलेच नसते. तेव्हा कार्यालयातली यादी ही प्रमाणपत्रधारकांची यादी आहे, अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांची नव्हे, एवढे सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे.

बोलावणे

यादीतल्या नावांना फोन करून ‘उद्या बैठक आहे, या’ असे सांगणे सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी उपयोगाचे. यादीबाहेरचे कोणी येत नाहीत, आणि यादीतल्यांना आपले नाव आणखी कोणाकोणाकडे आहे हा प्रश्न पडतो. त्याऐवजी सर्व विद्यार्थ्यांसाठी एक सूचना काढावी. तिचा मसुदा असा असू शकतो :

‘महाविद्यालयात ये-जा करताना, वर्गात, प्रयोगशाळेत, परीक्षेत किंवा कार्यालयात आपल्या शरीराच्या, दृष्टी-श्रवणाच्या, मनःस्थितीच्या किंवा शिकण्याच्या वेगळ्या पद्धतीमुळे ज्यांना अडचण येते, अशा कोणत्याही विद्यार्थ्याने ती आम्हाला सांगावी आणि ती दूर करण्याच्या कामात सहभागी व्हावे. प्रमाणपत्र आवश्यक नाही. नाव सांगणे आवश्यक नाही. भेटून, चिठ्ठी लिहून, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून किंवा मैत्रिणीमार्फत निरोप देऊनही सांगता येईल.’

ही सूचना कशी पोहोचते याकडे मजकुराइतकेच लक्ष द्यावे. आपल्याकडे सूचना टाईप होते, तिची प्रिंट निघते, प्राचार्यांची सही आणि शिक्का होतो, मग मोबाईलवर तिचा फोटो काढून तो वर्गाच्या ग्रुपवर टाकला जातो. मोबाईलच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे टॉकबॅक वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला त्या ठिकाणी ‘फोटो’ एवढेच ऐकू येते. सुट्टी आहे की परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख, हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागते. शिक्क्याचा फोटो हवा तर जरूर टाकावा, पण त्याखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून द्यावा. विभागांकडच्या मराठी नोट्सचेही हेच आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वाचायला गेला की अर्थहीन अक्षरे ऐकू येतात. या दोन सुधारणांना पैसा लागत नाही, आणि बोलावण्यापूर्वीच त्या केल्या तर विद्यार्थ्यांना कक्ष कामाचा वाटतो.

गोपनीयतेबद्दल काटेकोर राहावे. आपल्या भागात मुलीच्या घरचे लोक प्रमाणपत्र काढायलाच कचरतात, कारण ‘उद्या स्थळ आले तर’ ही भीती खरी असते. मानसिक आजाराच्या बाबतीत ती अधिकच असते. म्हणून सहभागी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लगेच काढू नये, कारण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो. निदानाची माहिती घेऊ नये. कोणती सोय हवी एवढेच विचारावे. आणि विद्यार्थी सज्ञान असेल तर त्याच्या संमतीवाचून पालकांना फोन करू नये, मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो.

पहिली बैठक

वेळ एसटीच्या वेळापत्रकाकडे पाहून ठरवावी. कोयना खोऱ्यातून किंवा माण-खटावकडून येणाऱ्या विद्यार्थ्याची गाडी चुकली तर त्याचे पुढचे दोन-तीन तास स्थानकावर जातात, त्यामुळे ‘तास संपल्यावर पाच वाजता’ ही शिक्षकांच्या सोयीची वेळ असते. मधल्या सुट्टीला लागून चाळीस-पन्नास मिनिटे पुरेशी होतात. खोली तळमजल्यावरची आणि पंख्याचा खडखडाट नसलेली घ्यावी. विषयांची यादी दोन दिवस आधी पाठवावी. अचानक प्रश्न आल्यावर ज्यांना सुचत नाही, अशांना त्यामुळे घरून उत्तर तयार करून आणता येते.

प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि ‘जिद्दीला सलाम’ असे भाषण पूर्णपणे टाळावे. ज्या मुलाला प्रयोगशाळेचे टेबल उंच पडते हे सांगायचे असते, त्याचा सत्कार करून टाकला की तो टेबलाबद्दल बोलत नाही. फोटोही काढू नयेत. अहवालासाठी उपस्थितांची संख्या आणि ठरावांची नोंद पुरते.

‘तुम्हाला काय हवे?’ असे मोघम विचारले की ‘सगळे चांगले आहे, सर’ हेच उत्तर येते. प्रश्न ठोस असावेत. गेल्या आठवड्यात कोणता तास टाळावासा वाटला आणि का? दिवसभर पाणी कमी पिता का? कोणत्या खिडकीवर, कोणत्या कामासाठी दुसऱ्याला पाठवावे लागते? प्रात्यक्षिकात कोणते काम नेहमी जोडीदारच करतो? पाण्याच्या प्रश्नावर अनेकदा सगळ्यांत महत्त्वाची माहिती मिळते, कारण दिव्यांगांसाठीचे स्वच्छतागृह असते पण त्याला कुलूप असते, किल्ली शिपाईमामांकडे असते आणि मामा बँकेत गेलेले असतात. ती मागत फिरण्यापेक्षा पाणी न पिणे विद्यार्थिनींना बरे वाटते.

जे बैठकीला येऊच इच्छीत नाहीत त्यांचे लेखी म्हणणे बैठकीत पहिल्यांदा वाचावे, शेवटी उरलेल्या वेळात नव्हे. स्वमग्न विद्यार्थ्याला दहा जणांच्या गोलात बसून बोलणे हाच त्रास असू शकतो. त्याने पाठवलेले पानभर टिपण कोणाच्याही तोंडी सूचनेइतकेच मोलाचे धरावे.

परिसर-फेरी

बैठकीनंतर आठवड्याच्या आत सर्वांनी मिळून परिसरातून फिरावे आणि फेरीची दिशा विद्यार्थ्यांनी ठरवावी. तुम्ही वहीत लिहीत मागून चालावे. सुरुवात फाटकाच्या आत करू नये. रिक्षा किंवा एसटी जिथे सोडते तिथून करावी. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उतरणीवर वसलेले असल्याने येथे ‘जवळच आहे’ म्हणजे चढावर आहे का, हे विचारावे लागते, आणि कुबड्या घेऊन चालणाऱ्याचा पहिला तास वर्गात पोहोचण्याआधीच खर्ची पडतो.

रॅम्पसाठी टेप आणि साधे गणित पुरते. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या चढायच्या तर ४५ सेंटिमीटर उंचीसाठी ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. प्रत्यक्षात जागा वाचवण्यासाठी तो दीड-दोन मीटरमध्ये उरकलेला असतो आणि त्यावरून व्हीलचेअर चढवायला दोघे लागतात, उतरवताना तर जीव मुठीत धरावा लागतो. दुसरी गोष्ट फोटोत दिसत नाही : तपासणीच्या आधी रॅम्पला चकचकीत ऑईलपेंट दिलेला असतो आणि जुलैच्या पावसात त्यावर शेवाळ धरते. म्हणून ही फेरी एकदा कोरड्यात आणि एकदा भर पावसाळ्यात करावी.

ज्या अडचणी दिसत नाहीत त्यांच्यासाठी फेरीत वेगळे थांबे घ्यावेत. मिणमिणणारी ट्यूबलाईट, ग्रंथालयातला मोबाईलचा आवाज, कॅन्टीनमधली दुपारी बाराची गर्दी, प्रवेश अर्जाच्या रांगेतले ओरडणे, आणि स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात वर्गांच्या शेजारी चालणारा ध्वनिक्षेपक यांची नोंद घ्यावी. हे ‘नखरे’ आहेत असे कोणी सहकारी म्हणालेच तर त्या वेळी वाद विद्यार्थ्याने घालू नये, तो समन्वयकाने घालावा. विद्यार्थ्याला आपली अडचण खरी आहे हे प्रत्येक खोलीत नव्याने सिद्ध करावे लागणे, यानेच बहुतेक मुले पुढच्या बैठकीला येत नाहीत.

मागण्यांची विभागणी

फेरीतून मोठी यादी निघते आणि येथे बरेच कक्ष अडकतात, कारण सगळी यादी प्राचार्यांकडे दिली जाते आणि ‘निधी आल्यावर’ या शेऱ्यासह परत येते. विद्यार्थ्यांसोबत बसून तिचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात पंधरा दिवसांत आणि बिनपैशात होणारी कामे घ्यावीत, जसे की स्वच्छतागृहाचे कुलूप काढणे, एखाद्या वर्गाचे तास तळमजल्यावर आणणे, तास रद्द झाल्याचा संदेश आदल्या रात्री देणे, तोंडी सांगितलेली गृहपाठाची सूचना फळ्यावरही लिहिणे. दुसऱ्या भागात त्या सत्रात होणारी थोड्या खर्चाची कामे येतील. तिसरा भाग महाविद्यालय विकास समितीपुढे नेण्याच्या कामांचा, म्हणजे रॅम्प नव्याने बांधणे, लिफ्ट, प्रयोगशाळेतली कमी उंचीची टेबले. या भागाचा प्रस्ताव अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच तयार असावा.

प्रत्येक भागातला क्रम विद्यार्थ्यांनी ठरवावा. तुम्हाला लिफ्ट महत्त्वाची वाटत असेल आणि त्यांनी आधी कुलूप आणि वेळापत्रक लिहिले, तर त्यांचा क्रम पाळावा. मात्र पहिल्या भागातली निदान दोन कामे पुढच्या बैठकीपूर्वी झालीच पाहिजेत, नाहीतर पुढची बैठक भरणार नाही.

काही मागण्या एकमेकींच्या आड येतात आणि ते स्वाभाविक आहे. अंधुक दिसणाऱ्या विद्यार्थिनीला भरपूर प्रकाश हवा असतो, तर प्रखर प्रकाशाने डोके दुखणाऱ्याला तो नको असतो. ओठांच्या हालचाली पाहून समजणाऱ्याला शिक्षकांचा चेहरा दिसावा म्हणून पुढचे बाक हवे असते, तर घुसमट झाल्यावर बाहेर पडता यावे म्हणून दुसऱ्याला दाराजवळची जागा हवी असते. अशा वेळी समन्वयकाने न्यायाधीश होऊ नये. दोघांना किंवा त्यांच्या टिपणांना समोरासमोर आणले की तोडगा बहुधा तेच काढतात : दिवे वेगवेगळ्या बटणांवर घेणे, बाके ठरवून देणे, मिणमिणणारी नळी बदलून एलईडी लावणे.

परीक्षा

इतर सोयींत थोडीफार दिरंगाई चालून जाते, परीक्षेत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयाच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थ्याला दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ द्यायचा असतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक स्वतः आणायचा की संस्थेकडून घ्यायचा हे त्या सूचनांनी परीक्षार्थ्यावर सोपवले होते, भाषाविषयांसाठी वेगळा लेखनिक घेता येतो, आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाला भेटून तो जमेल का हे पाहण्याची मुभा त्याला असते. ही शेवटची तरतूद फार थोड्या केंद्रांवर पाळली जाते. ऐनवेळी मिळालेला लेखनिक इंग्रजी संज्ञांचे स्पेलिंग विचारत बसला तर जादा तासही अपुरा पडतो. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे पण लिहिण्यात अडचण आहे, त्यांच्यासाठी मंत्रालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतंत्र सूचना दिल्या आहेत.

परवानगी कोठून घ्यायची हे आधी समजून घ्यावे. जिल्ह्यातील बहुतेक कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्यांचा पत्रव्यवहार तेथील परीक्षा विभागाशी होतो. सातारा शहरातील कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हा विभाग शहरातच आहे. दोन्हीकडे अर्ज परीक्षेच्या तोंडावर नव्हे, परीक्षेचा फॉर्म भरतानाच द्यावा.

विद्यार्थ्यांचा सहभाग येथे दोन प्रकारे घ्यावा. मागच्या सत्रात लेखनिक घेतलेल्या विद्यार्थ्यांनी नव्या लेखनिकांना तासाभराचे प्रशिक्षण द्यावे, म्हणजे प्रश्न किती वेळा वाचायचा, उत्तर सुचवायचे नाही, खोडायला सांगितले तर काय करायचे, आकृतीच्या वेळी कसे वागायचे. हे कोणताही प्राध्यापक त्यांच्याइतके नेमके सांगू शकत नाही. आणि परीक्षा संपल्यावर आठवड्याच्या आत त्यांच्याकडून केंद्राबद्दलचा अभिप्राय घेऊन तो केंद्रप्रमुखांना, नावे वगळून, द्यावा. तोंडी परीक्षेचाही विचार त्यातच व्हावा. नजरेला नजर न देणारा विद्यार्थी तयारी न करता आला आहे असे परीक्षकाला वाटते, आणि प्रश्न लिहून समोर ठेवला तर तोच विद्यार्थी व्यवस्थित उत्तर देतो.

समितीत जागा आणि कामाचा मोबदला

सल्ला घेणे आणि निर्णयात बसवणे यांत फरक आहे. कक्षाच्या समितीत निदान दोन विद्यार्थी पूर्ण सदस्य असावेत आणि त्यांच्या अडचणी शक्यतो वेगवेगळ्या असाव्यात. एकटा विद्यार्थी सहा प्राध्यापकांसमोर मान डोलावण्याखेरीज काही करू शकत नाही. महाविद्यालय विकास समितीत किंवा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात या कामाचा विषय येईल तेव्हा, प्राचार्यांची परवानगी घेऊन, त्यांना त्या विषयापुरते विशेष निमंत्रित म्हणून बसवावे आणि प्रस्ताव त्यांनीच मांडावा. इतिवृत्ताचा मसुदा सही होण्यापूर्वी त्यांना दाखवावा, कारण ‘चर्चा झाली’ आणि ‘ठरले’ यांतली अदलाबदल तेच चटकन पकडतात.

मोबदल्याचा विषय अवघड वाटतो, पण तो टाळू नये. फेरी, टिपणे, लेखनिकांचे प्रशिक्षण, संकेतस्थळाची तपासणी ही कामे बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेतली तर बिल येते. कमवा आणि शिका ही परंपरा ज्या जिल्ह्यात रुजली, तेथे या तासांची नोंद त्या योजनेत करून त्याचे पैसे देणे कोणालाही पटवून देता येते. ते जमत नसेल तर निदान येण्याजाण्याचा खर्च, प्रमाणपत्र आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत गणना एवढे तरी मिळवून द्यावे. आणि परीक्षेच्या महिन्यात त्यांच्याकडे काम मागू नये.

काय झाले ते कळवणे

प्रत्येक मागणीपुढे तीन रकाने ठेवावेत : काय मागितले, काय झाले, झाले नसेल तर कारण आणि पुढची तारीख. हा तक्ता महिन्यातून एकदा सूचना फलकावर आणि टाईप केलेल्या संदेशाने सर्वांना द्यावा. नकारही त्यात लिहावा. ‘इमारत जुनी असल्याने लिफ्टचा खांब घेता येत नाही, म्हणून तृतीय वर्षाचे तास तळमजल्यावर घेतले आहेत’ असे लिहिलेले विद्यार्थी समजून घेतात. मौन बाळगले तर आपला कागद टोपलीत गेला असे ते धरून चालतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते.

महाविद्यालयाने दाद दिलीच नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, ही माहितीही त्याच फलकावर असू द्यावी. ती लपवणारा कक्ष विद्यार्थ्यांचा राहत नाही.

वर्षअखेर

तृतीय वर्षाचे विद्यार्थी मे महिन्यात निघून जातात आणि त्यांच्याबरोबर वर्षभराचे ज्ञानही जाते. म्हणून एप्रिलमध्ये, परीक्षा सुरू होण्यापूर्वी, त्यांच्याकडून दोन-तीन पानांचे टिपण लिहून किंवा रेकॉर्ड करून घ्यावे : कोणते काम अर्धे आहे, कोणत्या विभागात कोण मदत करतो, कोणत्या रॅम्पवर पावसात जाऊ नये, कोणत्या केंद्रावर लेखनिकासाठी आधीपासून पाठपुरावा करावा लागतो. त्यांची हरकत नसेल तर जूनच्या पहिल्या बैठकीला त्यांना फोनवरून जोडून घ्यावे. टिपणाची एक प्रत फाईलमध्ये सगळ्यात वर लावावी, म्हणजे पुढच्या समित्यांच्या वाटपात तुमच्या जागी दुसरे कोणी आले तरी त्यांना सुरुवात तिथून करता येईल.